डावं-उजवं

बातमी चार ओळींची.
वर वजन घटवायचं औषध,
खाली कोर्टात साक्षीला आणलेला पोपट,
आणि मध्ये, टिकलीएवढ्या फोटोसकट,
हॉलंडच्या फ्लीलांड बेटावरचा वीबे तेर्पस्ट्रा, वय एकोणसत्तर.
याच्या किनाऱ्याला नऊ वर्षं
फक्त डाव्या पायाचे जोडे लागतात.

वादळात जहाजावरून कंटेनर पडला होता.
कॅनव्हासचे बूट, बारा हजार,
एकाही पायाचं तोंड न पाहिलेले.
पहिला उचलला तेव्हा वीबेला गंमत वाटली.
मग दुसरा. चौथा. चाळिसावा.
उजव्याची वाट त्याने पाहिली
जशी जेवायला बसलेला माणूस मिठाची पाहतो,
कुणाला काही न म्हणता.

मग डेन्मार्कहून एक फोटो फिरत आला.
इंगरलिसे डामगोर,
दंतवैद्याकडे मदतनीस होती, आता निवृत्त.
तिच्या कुंपणाच्या खुंट्याखुंट्यांवर
तीनशे बारा उजवे.

म्हणजे समुद्रही डावं-उजवं करतो.
मला वाटायचं, निदान तो तरी करत नसेल.
जाणकार म्हणाले, तसं नाही,
बुटाचं पोट ज्या बाजूला, त्या बाजूला वारा त्याला नेतो,
यात कुणाचा पक्षपात नाही.
असेल.
ज्याच्या वाट्याला नेहमी डावंच येतं
त्याला हे समजावून बघा.

जग एक दिवस पोट धरून हसलं
आणि दोघांचं लग्न लावून मोकळं झालं.
ब्राझीलमधून आशीर्वाद, कोरियातून केकचं चित्र.
आमच्या भाषेत तर आणखीच सोय,
जोडा म्हणजे जोडा, आणि जोडा म्हणजे जोडा.
दुसऱ्या दिवशी पोपटाने साक्ष फिरवली
आणि सगळे तिकडे धावले.

पुढचं कुठे छापून आलं नाही.

सप्टेंबरात ती फेरीबोटीने आली, चार पोती घेऊन.
सामानाचं जादा भाडं पडलं,
तिने पावती मागून घेतली.
वीबे धक्क्यावर हातगाडीशी उभा,
दाढी केलेली आहे हे कुणाला दिसू नये
अशा बेताने.
त्याला डॅनिश येईना, तिला डच.
मोडक्या जर्मनवर भागवलं.

दोन दिवस पडवीत जोडे मांडले.
तिचा बेचाळीस लाल, तर याचा बेचाळीस निळा.
याचा निळा एकेचाळीस, तर तिचा निळा चव्वेचाळीस.
एवढ्या ढिगात जुळला एकच जोड,
पिवळा, नंबर पस्तीस,
दोघांच्याही कामाचा नाही.
फेरीवर तिकिटं फाडणाऱ्या बाईच्या येल्त्येला दिला.
ती बांधापर्यंत पळून आली आणि म्हणाली,
डावा चावतो.

इंगरलिसे इतकी हसली की पोत्यावरच बसली.
संध्याकाळी तिला खुंटीवर दोन कप दिसले,
एकावर धूळ.
विचारलं काही नाही.
धुतला, पुसला, त्यातच कॉफी ओतून घेतली.
वीबे खिडकीबाहेर बघत राहिला,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

लग्नबिग्न काही झालं नाही.
रिकामी पोती घडी घालून ती परत गेली.

नोव्हेंबरात तीन दिवस उलटा वारा सुटला.
चौथ्या सकाळी ओल्या वाळूत,
शिंपल्यांनी माखलेला,
नाडी जशीच्या तशी,
एक.
वीबेने तो फिरवून फिरवून पाहिला.
खात्री पटेना म्हणून
आपला बूट काढून स्वतःच्या पायात घालून पाहिला,
थंड पाण्याने मोजा भिजला.
मग फोटोबिटो न काढता घरी गेला,
एक पाय असा, एक पाय तसा,
आणि फोन लावला.

"उजवा आलाय."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
खण उघडल्याचा,
चष्मा सापडल्याचा,
आणि ती म्हणाली,
"नंबर सांग."